मुदतीआधीचा जन्म : मुलगा, मुलगी आणि आईच्या माथी येणारा दोष

स्मरणिकेसाठी लेख द्यावा असे संपादक मंडळाने सुचविले, तेव्हा आम्ही इतिहासाचे शिक्षक या नात्याने एखाद्या सत्याग्रहावर किंवा लेण्यांवर लिहू, अशी त्यांची अपेक्षा असावी. आम्ही विषय निवडला तो मात्र बाळंतपणाचा. तो का निवडला, हे आधी सांगणे उचित होईल.

गेल्या स्नेहसंमेलनाला आमची एक माजी विद्यार्थिनी तीन वर्षांच्या मुलाला घेऊन आली होती. वसतिगृहाच्या पायऱ्यांवर ते पोर धावत वर जाई, पुन्हा खाली येई. आम्ही कौतुक केले, तशी ती म्हणाली, "सर, हा तेहतिसाव्या आठवड्यात झाला. पावणेदोन किलोचा होता. अठरा दिवस काचेच्या पेटीत होता." मग हळूहळू तिने पुढचे सांगितले. आठव्या महिन्याचे मूल जगत नाही, असे घरातल्या वडीलधाऱ्यांनी दवाखान्याच्या दारातच ऐकविले होते. मूल जगले, पण दोष काही सुटला नाही. ग्रहणात बाहेर का गेलीस, पपई खाल्लीस का, उन्हातून एवढी पायपीट कशाला केलीस, हे प्रश्न आजही संपलेले नाहीत. दवाखान्यातल्या एका परिचारिकेने मात्र तिला सांगितले होते, "बाई, मुलगे जरा घाईच करतात." निघताना तिने आम्हांस विचारले, "सर, हे खरं आहे का? आणि माझं काय चुकलं होतं?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस त्या दिवशी देता आले नाही. दुसऱ्याचे दिले, पण ते केवळ धीराचे होते, पुराव्याचे नव्हते. तेव्हापासून आम्ही जे वाचले, आणि आमच्या डॉक्टर झालेल्या माजी विद्यार्थ्यांकडून जे समजून घेतले, ते येथे क्रमाने मांडत आहोत.

मुदत म्हणजे काय?

गर्भारपणाची गणना शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून करतात. पूर्ण मुदत ४० आठवड्यांची, म्हणजे २८० दिवसांची धरली जाते. ३७ आठवडे पूर्ण होण्यापूर्वी बाळ जन्मले, तर ती मुदतपूर्व प्रसूती होय. तिच्याही पायऱ्या आहेत. ३२ ते ३७ आठवड्यांच्या दरम्यान जन्मलेली बाळे संख्येने सर्वांत अधिक असतात आणि योग्य काळजी मिळाल्यास त्यांतील बहुतेक जगतात. २८ ते ३२ आठवड्यांमधील बाळांची वाट अधिक बिकट असते, आणि २८ आठवड्यांपूर्वीची बाळे अत्यंत नाजूक असतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली जगात सुमारे १ कोटी ३४ लाख बाळे मुदतीआधी जन्मली. म्हणजे दर दहा बाळांमागे एक. त्यांतील सुमारे ३० लाख भारतातील होती. हा आकडा कोणत्याही एका देशापेक्षा मोठा आहे. पाच वर्षांखालील बालकांच्या मृत्यूचे जगातील सर्वांत मोठे कारण आज मुदतपूर्व जन्मातून उद्भवणारी गुंतागुंत हेच आहे. तेव्हा हा एखाद्या घरचा योगायोग नव्हे. तो कोट्यवधी घरांचा प्रश्न आहे.

'सातव्या महिन्याचे जगते, आठव्याचे जगत नाही' ही समजूत केवळ आपल्याकडचीच नाही, हे वाचून आम्हांसही नवल वाटले. प्राचीन ग्रीसमध्ये हिपोक्रेटिसच्या परंपरेतील वैद्यकग्रंथांत आठव्या महिन्यात जन्मणाऱ्या मुलाविषयी स्वतंत्र विवेचनच आहे, आणि तेथेही अशा मुलाचे भवितव्य वाईटच मानलेले आहे. दोन हजार वर्षांहून अधिक काळ दोन खंडांत लोक एकच चूक करीत आले. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. गर्भाशयात काढलेला प्रत्येक अधिकचा आठवडा बाळाची जगण्याची शक्यता वाढवितो. म्हणून आठव्या महिन्याचे मूल सातव्या महिन्याच्या मुलापेक्षा अधिक सुरक्षित असते. समजूत जुनी आहे एवढ्यावरून ती खरी ठरत नाही, हा धडा इतिहास पुन्हा पुन्हा देतो.

जुन्या नोंदवह्यांतील मुलगे

आता परिचारिकेच्या वाक्याकडे वळू. मुलगा आणि मुलगी यांच्या जन्म-मृत्यूत काही फरक असतो, हे प्रथम कोणाच्या ध्यानात आले? ते लंडनमधील एका कापडव्यापाऱ्याच्या. जॉन ग्राँट याने शहरातील मृत्यूंची साप्ताहिक पत्रके आणि बाप्तिस्म्याच्या नोंदी एकत्र करून १६६२ साली एक पुस्तक प्रसिद्ध केले. जन्मणाऱ्यांत मुलग्यांची संख्या मुलींहून थोडी अधिक असते, हे त्याने आकड्यांनिशी दाखविले. पुढे १७१० साली जॉन आर्बथनॉट याने लंडनच्या सलग ८२ वर्षांच्या नोंदी तपासल्या. त्यांतील प्रत्येक वर्षी मुलग्यांची संख्या अधिक भरली. त्याने हे ईश्वरी योजनेचे गमक मानले. निष्कर्ष त्याच्या काळाचा होता. नोंदी मात्र पक्क्या होत्या. आजही, मानवी हस्तक्षेप नसेल तर, दर १०० मुलींमागे सुमारे १०५ मुलगे जन्मतात.

१७८६ साली डब्लिनच्या प्रसूतिगृहातील वैद्य जोसेफ क्लार्क याने पुढचा प्रश्न विचारला : मुलगे अधिक जन्मतात खरे, पण ते अधिक मरतातही, ते का? त्याने आपल्या प्रसूतिगृहातील नवजात मुलगे-मुली मोजल्या, तोलल्या, आणि मुलग्यांचा मोठा आकार व मोठे डोके याकडे बोट दाखविले. त्याचे उत्तर अपुरे होते. परंतु मुलग्याचा जन्म अधिक जोखमीचा असतो, ही गोष्ट त्याने नोंदीच्या बळावर मांडली. आज ज्याला वैद्यक 'पुरुषलिंगी अर्भकाची उणी बाजू' असे समजते, तिची ही जुनी नोंद होय.

चौदा टक्के म्हणजे किती?

मुलगेच अधिक जन्मत असतील, तर मुदतीआधी जन्मणाऱ्यांतही ते अधिक दिसणार, यात विशेष ते काय, असा प्रश्न एखादा चौकस विद्यार्थी विचारील, आणि तो रास्त आहे. म्हणून संशोधक नुसती संख्या मोजत नाहीत, दर काढतात. १००० मुलग्यांमागे किती, आणि १००० मुलींमागे किती, अशी तुलना करतात. तशी तुलना करूनही फरक उरतोच. २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये लंडन येथील संशोधकांच्या नेतृत्वाखाली प्रसिद्ध झालेल्या जागतिक अंदाजांनुसार मुदतपूर्व जन्माची जोखीम मुलींपेक्षा मुलग्यांमध्ये सुमारे १४ टक्क्यांनी अधिक असते.

हा आकडा नीट समजून घेतला पाहिजे. कारण टक्केवारी घाबरविते तशी फसवितेही. समजा, एखाद्या भागात १००० मुलींपैकी १०० मुदतीआधी जन्मतात. तर तेथे १००० मुलग्यांपैकी ११४ जन्मतील. म्हणजे हजारात चौदांचा फरक. उरलेले ८८६ मुलगे मुदत पूर्ण करूनच येतात. म्हणून मुलगा असला की प्रसूती लवकर होणार, असे कोणी म्हणेल तर ते चूक. आणि मुलगी आहे म्हणून निर्धास्त राहावे, असे म्हणेल तर तेही चूकच. हा नियम समूहाचा आहे. एका आईच्या पोटातील एका बाळाविषयी तो भाकीत करीत नाही.

परिचारिकेचे वाक्य, तेव्हा, सरासरीने खरे होते. आमच्या विद्यार्थिनीच्या बाबतीत तेच कारण घडले, असे मात्र कोणालाही सांगता येणार नाही.

असे का घडते?

याचे एकच, सर्वमान्य उत्तर अजून नाही. पण काही धागे हाती आले आहेत. मुलग्यांचे आधिक्य विशेषतः त्या प्रसूतींत आढळते, जेथे कळा आपोआप लवकर सुरू होतात. म्हणजे कारण गर्भ, वार आणि आईचे शरीर यांच्या परस्परसंबंधात शोधावे लागते. वार ही आईचीच, असे आपण समजतो. प्रत्यक्षात तिचा बराच भाग बाळाच्या पेशींपासून बनतो. म्हणून मुलग्याची वार आणि मुलीची वार यांच्या वर्तनातही फरक असतो. मुलगा गर्भात वेगाने वाढतो. एका विचारानुसार त्याची वार आकाराने तुलनेने लहान राहून अधिक काम करते. त्यामुळे अडचण आली, आईचे पोषण कमी पडले किंवा संसर्ग झाला, तर तिच्याजवळ राखीव बळ थोडे असते. मुलीचा गर्भ वाढीचा वेग थोडा आवरून तग धरतो. मुलग्यांच्या वारेत दाह अधिक आढळतो, असेही काही अभ्यासांत दिसले आहे. आणि दाह हे लवकर कळा येण्याचे एक ज्ञात कारण आहे.

येथे एक गोष्ट ठामपणे सांगितली पाहिजे. बाळ मुलगा होणार की मुलगी, हे पित्याकडून येणाऱ्या बीजावर ठरते. आईकडून नेहमी एक्स गुणसूत्रच येते. पित्याकडून एक्स आले तर मुलगी, वाय आले तर मुलगा. १९०५ साली नेटी स्टीव्हन्स या अमेरिकन संशोधिकेने किड्यांच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून हे दाखविले, आणि त्याच सुमारास एडमंड विल्सन हाही त्याच निष्कर्षाला पोहोचला. शंभराहून अधिक वर्षे झाली. तरी मुलगी झाली की सून दोषी, आणि मुलगा लवकर झाला तरी सूनच दोषी, हा न्याय आपल्या घरांत चालू आहे.

राष्ट्राध्यक्षांचा मुलगा

मुलगे अधिक संख्येने लवकर जन्मतात; शिवाय समान आठवड्यांत जन्मलेल्या मुलगा-मुलींची तुलना केली, तर मुलग्यांनाच त्रास अधिक होतो. मुख्य अडचण फुप्फुसांची असते. फुप्फुसांतील सूक्ष्म पिशव्या श्वास सोडल्यावर मिटून चिकटू नयेत, म्हणून शरीर आतून एक निसरडा थर तयार करते. हा थर गर्भारपणाच्या अखेरच्या आठवड्यांत पुरेसा होतो. पुरुषी संप्रेरकांमुळे मुलग्यांत तो थोडा उशिरा तयार होतो. मुलींची फुप्फुसे काही दिवस आधीच तयार असतात.

१९६३ सालच्या ऑगस्टच्या ७ तारखेला अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांना पॅट्रिक नावाचा मुलगा झाला. मुदतीच्या सुमारे साडेपाच आठवडे आधी. वजन दोन किलोंहून थोडे अधिक होते. आमच्या विद्यार्थिनीच्या मुलापेक्षा तो वजनाने जास्त होता आणि आठवड्यानेही पुढचा होता. जगातील सर्वांत सामर्थ्यवान मानल्या जाणाऱ्या पदावरील माणसाचा तो पुत्र. परंतु ३९ तासांत श्वास कोंडून तो गेला. सत्ता, संपत्ती, नामांकित डॉक्टर यांतले काहीच उपयोगी पडले नाही; कारण आवश्यक ते ज्ञान अजून उपचारात उतरले नव्हते.

ते ज्ञान जन्मले मात्र होते. १९५९ साली मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी अशा बाळांच्या फुप्फुसांत हाच थर अपुरा असतो, हे दाखविले होते. १९७२ साली न्यूझीलंडमध्ये लिगिन्स आणि हॉवी यांनी आईला प्रसूतीपूर्वी स्टेरॉइडची इंजेक्शने दिल्यास बाळाची फुप्फुसे लवकर तयार होतात, हे सिद्ध केले. १९८० साली जपानमध्ये फुजिवारा यांनी तो थर बाहेरून फुप्फुसांत घालण्यात यश मिळविले. राष्ट्राध्यक्षांच्या मुलाला जे मिळू शकले नाही, ते आमच्या एका साध्या घरातील मुलीच्या मुलाला सरकारी दवाखान्यात मिळाले. ज्ञानाचे समान वाटप म्हणजे काय, याचे याहून बोलके उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

निसर्गाने दिले, समाजाने काढून घेतले

निसर्ग नवजात मुलीला थोडे अधिक बळ देतो, असे वर पाहिले. म्हणजे मुलींचे बालमृत्यू मुलग्यांहून कमी असावयास हवेत. जगातील बहुतेक देशांत तसे असतातही. आपल्या देशात मात्र कित्येक वर्षे पाच वर्षांखालील मुलींचे मृत्यू मुलग्यांहून अधिक होते. दूध, औषध, दवाखान्याचे भाडे या प्रत्येक ठिकाणी हात आखडला गेला, तेव्हा निसर्गाचे दान वाया गेले. त्याआधीची पायरी तर जन्मच नाकारण्याची. महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या १००० मुलग्यांमागे १९९१ साली ९४६ मुली होत्या. २००१ साली ९१३ झाल्या. २०११ साली ८९४ उरल्या. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात सर्वप्रथम १९८८ साली कायदा करणाऱ्या राज्याचे हे आकडे आहेत.

कोसलराज प्रसेनजित याला मल्लिकेपासून कन्या झाल्याचे कळले, तेव्हा त्याचे तोंड उतरले. आणि कन्याही पुत्राहून श्रेष्ठ ठरू शकते, असे तथागतांनी त्याला समजाविले, ही कथा आपणा सर्वांस परिचित आहे. कथा सांगणे सोपे आहे. मुदतीआधी जन्मलेल्या मुलीला जिल्ह्याच्या दवाखान्यात त्याच रात्री नेणे, हे त्या कथेचे आचरण होय. नवजात कक्षात मुलगे थोडे अधिक दिसले, तर ते निसर्गाचे. फार अधिक दिसले, तर ते आपले.

म्हणूनच या लेखातील माहितीचा एक गैरवापर होता कामा नये. जोखीम कळावी म्हणून बाळ मुलगा आहे की मुलगी, हे विचारण्याचे कोणतेही कारण नाही. ते विचारणे आणि सांगणे दोन्ही गुन्हा आहे. शिवाय निरुपयोगीही आहे, कारण आईने घ्यावयाची काळजी आणि डॉक्टरांनी द्यावयाचे उपचार दोहोंसाठी सारखेच आहेत.

विश्रांती हा हक्क

जे बदलता येत नाही ते बाळाचे लिंग. जे बदलता येते ते पुष्कळ आहे. अठरा वर्षांखालील गर्भारपण, दोन बाळंतपणांतील अपुरे अंतर, रक्तक्षय, उच्च रक्तदाब, लघवीचा संसर्ग, अतिश्रम आणि तंबाखू ही सर्व मुदतपूर्व जन्माची जोखीम वाढविणारी कारणे आहेत. तंबाखू म्हटले की बायका म्हणतात, आम्ही कुठे खातो? पण मिश्री ही तंबाखूच आहे. मुंबईत झालेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, गर्भारपणात मिश्रीसारखी धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या स्त्रियांची बाळे सरासरीने सुमारे १०० ग्रॅमने हलकी भरली आणि मुदतपूर्व प्रसूतीचे प्रमाणही अधिक आढळले.

अतिश्रमांविषयी उपदेश करणे सोपे असते. रोजंदारीवरील बाईला विश्रांती देणार कोण? हा प्रश्न डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २८ जुलै १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात हाताळला. कारखान्यांतील स्त्रियांना प्रसूतिकाळात भत्त्यासह रजा मिळावी, या विधेयकाला त्यांनी पाठिंबा दिला. प्रसूतीच्या आधी आणि नंतर आईला विसावा मिळणे हे राष्ट्राच्याच हिताचे आहे; म्हणून त्याचा भार मोठ्या प्रमाणात शासनाने उचलावा, आणि तिच्या श्रमातून लाभ घेणाऱ्या मालकानेही उचलावा, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. दोनच वर्षांपूर्वी, १९२६ च्या जुलैमध्ये, त्यांचा राजरत्न गेला होता. तीन पुत्र आणि एक कन्या अशी चार अपत्ये रमाईंनी आणि त्यांनी गमावली होती. सभागृहात त्यांनी आपले दुःख मांडले नाही, हक्क मांडला. १९२९ साली मुंबई प्रांताचा प्रसूतिलाभ कायदा झाला. आज कायद्याने २६ आठवड्यांची रजा मिळते. पण ती नोकरीतील बाईला. ऊसतोडीच्या टोळीतील, वीटभट्टीवरील, शेतमजुरी करणारी बाई अजून बहुतांशी त्या कक्षेबाहेरच आहे. तो लढा अपुरा आहे.

घरी सांगावयाच्या गोष्टी

गर्भारपण कळताच आशाताईंकडे नोंदणी करावी आणि तपासण्या चुकवू नयेत. ठरावीक अंतराने पोट घट्ट होणे, पाणी जाणे, रक्त जाणे, कंबर सतत दुखणे, बाळाची हालचाल मंदावणे यांपैकी काहीही मुदतीआधी घडले, तर सकाळची वाट न पाहता १०२ किंवा १०८ क्रमांकावर गाडी बोलवावी. प्रसूतीपूर्वीचे इंजेक्शन वेळेत पोहोचले, तरच उपयोगी पडते.

बाळ लहान जन्मले, तर आईच्या उघड्या छातीशी त्वचेला त्वचा लावून धरणे, म्हणजे कांगारू पद्धतीची काळजी, हा मोठा उपाय आहे. कोलंबियातील बोगोटा शहरात पेट्यांची टंचाई होती, म्हणून एडगर रे या डॉक्टरांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस तो सुरू केला. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या, भारतासह पाच देशांत झालेल्या अभ्यासात, जन्मानंतर लगेच ही काळजी सुरू केल्यास मृत्यू सुमारे २५ टक्क्यांनी कमी होतात, असे आढळले. वडील, आजी, मावशी यांनाही बाळाला असे धरता येते. आपल्याच गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातील स्त्रियांना शिकवून घरोघरी नवजात बालकांची काळजी घेतली, आणि नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली जगापुढे मांडले. अक्षरओळख असलेली गावातली बाई काय करू शकते, हे त्यांनी सिद्ध केले. आमच्या विद्यालयातून बाहेर पडलेल्या मुलींना याहून अधिक शिक्षण मिळाले आहे.

आता त्या पायरीवर विचारलेल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर. कारणावाचून कार्य घडत नाही, हे आपण मानतो. पण कारण शोधणे वेगळे आणि दोषी शोधणे वेगळे. ग्रहणाचा मुदतपूर्व प्रसूतीशी संबंध नाही. बाळाचे लिंग आईच्या हाती नाही. कित्येक प्रसूतींत तर सर्व तपासण्या करूनही नेमके कारण सापडत नाही. ज्या घरात सुनेला भरल्या दिवसांत पाण्याचा हंडा उचलावा लागतो, तेथे प्रश्न तिने हंडा का उचलला हा नाही. इतर कोणी का उचलला नाही, हा आहे.

बाई, तुझे काही चुकले नव्हते. हे उत्तर आम्ही येथे छापील स्वरूपात देत आहोत. ते घरी मोठ्याने वाचून दाखव.